प्रश्नाला कारण द्या: लहान मुलांची गणित-विज्ञानाची पुस्तकं बनवणाऱ्यांना खुलं पत्र

लेखक, चित्रकार, संपादक, अनुवादक, प्रकाशक मंडळी आणि लहान वर्गांसाठी पाठ लिहिणारे तुम्ही सगळे,

सप्रेम नमस्कार.

मी चार ते आठ वर्षांच्या मुलांना शिकवते आणि रोज काही ना काही वाचून दाखवते, त्यामुळे तुम्ही बनवलेली पुस्तकं सतत माझ्या हातात असतात. तुमच्या पानावरून मुलाचं बोट फिरताना मला दिसतं, ते कुठे थांबतं, कुठून घाईघाईने पुढे सरकतं, कुठे परत मागे येतं, आणि हे तुमच्यापर्यंत पोचत नसणार असं मला फार दिवसांपासून वाटतंय म्हणून लिहितेय. तक्रार म्हणून वाचा किंवा विनंती म्हणून वाचा, पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

'गोष्टीतून गणित', 'गोष्टीतून विज्ञान' असं कव्हरवर लिहिलेली पुस्तकं आता भरपूर येतात. कागद छान, रंग छान, आणि मुलं हातात घेतात ही किती चांगली गोष्ट आहे. पण आतली रचना बहुतेक वेळा एकच असते. ससा फिरायला निघतो, वाटेत खार भेटते, खारीकडे तीन फळं आहेत, सशाकडे दोन आहेत, आणि तिथे गोष्ट अचानक थांबते आणि पानाच्या तळाशी ठळक अक्षरात येतं, 'सांगा पाहू, एकूण किती?' सशाला ते एकूण कशासाठी हवंय हे कोणीच सांगत नाही. खारीलाही नकोय. ते फक्त पुस्तकाला हवंय.

यासाठी एक साधी टेस्ट आहे. गोष्टीतले सगळे आकडे खोडून टाका आणि परत वाचा. गोष्ट जशीच्या तशी चालली, कोणाचं काही अडलं नाही, तर ते गणित वरून चिकटवलेलं आहे. आणि चिकटवलेलं मुलांना लगेच कळतं हो. ती 'पाच' असं म्हणून मोकळी होतात आणि विचारतात की पुढे काय झालं, म्हणजे तुमचा प्रश्न त्यांनी उरकून टाकला, गोष्टीत परत जायला मिळावं म्हणून. ज्या मुलाला पाच आलं नाही त्याच्यासाठी तर ती गोष्ट तिथेच संपते, कारण आता ती परीक्षा झाली.

हे फक्त माझं मत आहे असं वाटू नये म्हणून एक प्रयोग सांगते, तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांसमोर वस्तूंच्या दोन ओळी मांडल्या, समोरासमोर, सारख्याच संख्येच्या. दोन्हीकडे सारखे आहेत का? मूल म्हणतं हो. मग मोठा माणूस एक ओळ लांबवर पसरवतो आणि पुन्हा तेच विचारतो, आता सारखे आहेत का? चार-पाच वर्षांची पुष्कळ मुलं सांगतात की नाही, लांब ओळीत जास्त आहेत. यावरून पियाजेंनी मांडलं की मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते ही समज या वयात अजून आलेली नसते. पुढे १९७४ मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी हाच प्रयोग एक बदल करून पुन्हा केला. या वेळी ओळ मोठ्या माणसाने हलवलीच नाही. खोक्यातून एक खोडकर टेडी अस्वल बाहेर आलं आणि त्याने ओळ विस्कटून टाकली. मग मुलांना विचारलं, आता सारखे आहेत का? आणि कितीतरी जास्त मुलांनी बरोबर सांगितलं, हो, सारखेच आहेत.

मुलं त्याच वयाची, वस्तू त्याच, प्रश्नही तोच. मग बदललं काय? मोठ्या माणसाने मुद्दाम ओळ हलवून परत तेच विचारलं की मूल विचार करतं, याने आत्ताच विचारलं होतं ना, मग परत का विचारतोय, माझं आधीचं उत्तर चुकलं वाटतं. टेडीच्या वेळी मात्र विचारायला खरंच कारण आहे, त्याने गडबड केलीय, काही कमी तर नाही ना झालं, बघायलाच हवं. डोनाल्डसन यांचं म्हणणं हेच होतं की प्रश्नाला मुलाच्या दृष्टीने अर्थ असला की मूल जास्त चांगला विचार करतं.

मला तुम्हाला सांगायचंय ते सगळं त्या टेडीत आहे. गोष्टीने गणित 'गोड' करायची गरज नाही, गोष्टीचं काम प्रश्नाला कारण देणं आहे. एवढं जमलं तर रंग कमी असले, कागद पातळ असला तरी चालेल.

आता कारण असलेली गोष्ट कशी असते, तर मी वर्गात तोंडी सांगते ती एक सांगते. एका धनगराला मोजता येत नाही, एक-दोन-तीन काहीच माहीत नाही. सकाळी मेंढ्या वाड्यातून बाहेर पडतात तेव्हा प्रत्येक मेंढीमागे तो एक खडा पिशवीत टाकतो. संध्याकाळी मेंढ्या परत आत येतात तेव्हा प्रत्येकीमागे एक खडा बाहेर काढतो. एके दिवशी सगळ्या मेंढ्या आत आल्या, दार लावायची वेळ झाली आणि पिशवीत एक खडा उरला. बस्स, मी इथे थांबते. काहीही विचारत नाही. वर्गात एकदम शांतता होते आणि मग कोणीतरी ओरडतं, एक राहिली! माणसाला एक आकडा येत नाही आणि तरी त्याला कळलंय की एक मेंढी बाहेर राहिलीय. एकास एक जोडी लावणं हा मोजण्याचा पाया आहे आणि तो या गोष्टीत असा बसलाय की काढायला गेलात तर गोष्टच राहत नाही.

आणि त्याच्या पुढची गंमत तर मुलंच करतात. एका मुलीने विचारलं, पण कुठली मेंढी राहिली ते त्याला कसं कळणार? खड्यांवरून तर नाही कळत! मी तिच्याकडे बघतच राहिले, कारण संख्या 'किती' सांगते आणि 'कोण' सांगत नाही हे तिने स्वतःहून पकडलं होतं, सहा वर्षांची मुलगी. मग दुसऱ्याने विचारलं की डोंगरावर एखाद्या मेंढीला पिल्लू झालं तर? मग खडे कमी पडतील! त्यावर बराच वेळ वाद झाला, पिल्लाचा नवा खडा पिशवीत कोण टाकणार, धनगराला पिल्लू झालंय हे नक्की कधी कळेल, आणि मेंढी हरवली आणि त्याच दिवशी दुसरीला पिल्लू झालं तर खडे बरोबर जुळतील आणि धनगराला काहीच कळणार नाही. हे शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं. कुठल्याही वर्कशीटमधून हे बाहेर आलं नसतं.

मोजण्यावरून आणखी एक गोष्ट, आणि अंकांची पुस्तकं करणाऱ्यांनी ती मनावर घ्यावी असं मला फार वाटतं. एकपासून वीसपर्यंत म्हणता येणं आणि मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅरेन विन यांनी १९९० मध्ये अगदी लहान मुलांबरोबर केलेलं काम यावरच आहे. मुलाला म्हणायचं की मला तीन खेळणी दे. दहापर्यंत अंक घडाघडा म्हणणारी, बोट ठेवून मोजणारीसुद्धा कितीतरी मुलं मूठभर उचलून देतात, कारण मोजताना जो शेवटचा अंक येतो तोच 'एकूण किती' हे त्यांना अजून लागलेलं नसतं. म्हणून एका पानावर एक, दुसऱ्यावर दोन असं भराभर दहापर्यंत पळणाऱ्या पुस्तकांपेक्षा तीनवर चार-पाच पानं थांबणारं पुस्तक मला हवंय. तीन बेडूक, मग तेच तीन बेडूक उलट्या क्रमाने मोजलेले, मग एक पानाआड गेलेला तरी तीनच, मग एक आणखी आला तर आता काय. पालकांना वाटेल की पुस्तकात फक्त पाचपर्यंतच आहे, एवढंच? वाटू दे. पाचपर्यंतची समज पक्की असलेलं मूल पुढे स्वतःच्या पायाने जातं.

मराठीत यात अजून एक अडचण आहे आणि ती अनुवादकांनी लक्षात घ्यायलाच हवी. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी येतो. मूल ऐकलेल्या क्रमाने ५२ लिहितं, तेव्हा तो त्याचा आळस नसतो. एकोणतीसमध्ये तर नऊ कुठे ऐकूच येत नाही. इंग्रजीतलं एकवीस ते तीस असलेलं पान जसंच्या तसं आपल्याकडे आणलं तर मूळ पुस्तकात जो पॅटर्न मुलाच्या कानाला सापडत होता तो मराठीत गायब होतो. तिथे चित्राने मदत करा, दहा-दहाचे गठ्ठे आणि सुटे वेगळे दिसू द्या, म्हणजे कानाला जे मिळत नाही ते डोळ्याला मिळेल.

आता विज्ञानाकडे येते. इथे माझा राग जरा जास्त आहे.

बोलणारे प्राणी. मला बोलणारे प्राणी आवडतात, मुलांनाही आवडतात, काढून टाका असं मी म्हणत नाहीये. पण माहिती द्यायची म्हणून जे पुस्तक आहे त्यात मुंगी कामावर जाताना 'मला माझ्या राणीचा अभिमान वाटतो' म्हणत असेल तर मूल काय घेऊन जातं? पॅट्रिशिया गनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ चा एक अभ्यास आहे, त्यात लहान मुलांना अनोळखी प्राण्यांबद्दलची पुस्तकं वाचून दाखवली, काही साध्या भाषेत आणि काही प्राण्यांना माणसासारखं वागवणाऱ्या भाषेत. दुसऱ्या प्रकारची पुस्तकं ऐकलेल्या मुलांनी खऱ्या प्राण्यांनाही माणसाच्या भावना आणि विचार जास्त चिकटवले आणि खरी माहिती कमी लक्षात ठेवली.

मग कल्पना नकोच का? अजिबात तसं नाही, आणि त्याच वर्षीचा, २०१४ चाच, दुसरा अभ्यास बघा. डेबोरा केलेमन आणि त्यांच्या टीमने पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एक छोटं चित्रपुस्तक केलं, त्यात पिलोसा नावाचे पूर्णपणे काल्पनिक प्राणी. त्यांच्यात काहींची सोंड जाड, काहींची बारीक. हवामान बदलतं, त्यांचे किडे जमिनीखालच्या अरुंद बिळांत जातात, बारीक सोंडवाल्यांना खायला मिळतं, ते जास्त जगतात, त्यांना जास्त पिल्लं होतात, आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी बहुतेक सगळे बारीक सोंडेचे दिसायला लागतात. म्हणजे नैसर्गिक निवड, जी आपण मुलांना कितीतरी मोठं झाल्यावर शिकवतो! आणि पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही ती बरीचशी समजली, दुसऱ्या प्राण्याला लावूनही सांगता आली. प्राणी खोटा होता, पण कारण खरं होतं. कोणी सोंड बारीक व्हावी म्हणून प्रयत्न केला नाही, कोणाची इच्छा पूर्ण झाली नाही. तुम्ही लिहिता त्यात 'जिराफाला वरची पानं हवी होती म्हणून त्याची मान लांब झाली' असं वाक्य येतं ना, तेवढं फक्त काढा. प्राणी हवा तेवढा काल्पनिक करा, त्याला निळा रंग द्या, तीन शेपट्या द्या, पण जे घडतं ते का घडतं ते खरं असू द्या.

आणि खऱ्या विज्ञानातच एवढ्या गोष्टी पडल्यात की नवीन रचायची गरजच नाही. व्हान हेल्माँटची गोष्ट घ्या. सतराव्या शतकातला माणूस, त्याला प्रश्न पडला की झाड मोठं होतं तेव्हा ते एवढं सगळं आणतं कुठून. तेव्हा सगळ्यांना वाटायचं की मातीतून, आणि तुमच्या बऱ्याच पुस्तकांत आजही 'झाड मुळांनी जमिनीतून अन्न घेतं' असंच लिहिलेलं असतं. त्याने एका मोठ्या कुंडीत वाळवून वजन केलेली सुमारे ९० किलो माती घातली, त्यात विलो नावाच्या झाडाचं सव्वादोन किलोच्या आसपासचं रोप लावलं, धूळ पडून वजन वाढू नये म्हणून वर भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण घातलं, आणि पाच वर्षं फक्त पाणी दिलं. पाच वर्षांनी झाड काढून तोललं तर ते सुमारे ७७ किलोचं झालं होतं, आणि तेही दरवर्षी गळलेली पानं न धरता. मग माती पुन्हा वाळवून तोलली. किती कमी झाली असेल?

इथे पुस्तक बंद करा आणि मुलांना बोलू द्या. माझ्या वर्गात 'सगळी संपली' पासून 'अर्धी' पर्यंत उत्तरं येतात. माती कमी झाली होती ६० ग्रॅमपेक्षाही कमी. मूठभर. त्यावर जो गोंधळ होतो तो बघण्यासारखा असतो, मग झाड आलं कुठून? हेल्माँटने ठरवलं की सगळं पाण्यातूनच आलं, कारण त्याने दुसरं काही दिलंच नव्हतं. ते उत्तर अपुरं होतं. हवा सगळीकडे होती आणि ती त्याने मोजलीच नव्हती, झाडाच्या अंगातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो हे कळायला आणखी शंभर-दीडशे वर्षं लागली, १७७९ मध्ये इंगेनहाउझ यांनी हिरव्या पानांना त्यासाठी उजेड लागतो हे दाखवलं. आता या गोष्टीत बघा काय काय आहे, वजन करणं आहे, अंदाज आहे, झाकण घालण्याची काळजी आहे, आणि एक हुशार माणूस बरोबर प्रयोग करून अर्ध्या उत्तरापाशी थांबला हेही आहे. मुलांना हा शेवटचा भाग सगळ्यात आवडतो. 'मग त्याला हवा का नाही आठवली?' असं एकाने विचारलं. यावर दुसरा म्हणाला, 'ती दिसत नाही ना.'

तुमच्या पुस्तकांत मात्र एक सर्वज्ञ काका असतात, पांढरा कोट आणि चष्मा, मुलं प्रश्न विचारतात आणि काका एका परिच्छेदात उत्तर देतात. कृपा करून काही वर्षं तरी त्या काकांना सुट्टी द्या. ते आले की मुलांनी विचार करायचं कारणच संपतं. आणि प्रश्न फक्त मुलग्याला पडतो आणि मुलगी 'अय्या, खरंच?' म्हणते, हेही अजून दिसतं, आणि प्रत्येक वेळी वाचताना माझा घसा अडतो.

चित्रकारांनो, आता तुमच्याशी बोलायचंय, कारण ज्या मुलाला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्र हेच पुस्तक असतं. एकदा मी वाचत होते, 'सात पिल्लं तळ्यात पोहत होती', आणि एक मुलगा पानावर बोट ठेवून मोजत होता. सहा. परत मोजलं, सहा. परत पहिल्यापासून, या वेळी हळू, प्रत्येक पिल्लाच्या डोक्यावर बोट दाबून. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि गंभीरपणे सांगितलं, 'एक पाण्याखाली आहे.' त्याला पुस्तक चुकू शकतं असं वाटलंच नाही, त्याने स्वतःच्या बरोबर मोजणीला सोडून दिलं आणि पुस्तकाला वाचवलं. तुम्ही एक पिल्लू काढायला विसरलात आणि त्याचा स्वतःवरचा विश्वास कमी झाला, एवढी जबाबदारी आहे ही.

आणि हे एकच नाही. त्रिकोण बघा. सगळ्या पुस्तकांत त्रिकोण तिन्ही बाजू सारख्या असलेला आणि सपाट बाजूवर बसलेला. मग टोक खाली केलेला त्रिकोण दाखवला की मुलं म्हणतात हा उलटा आहे, हा त्रिकोण नाही, आणि लांबुळका काटकुळा दाखवला तर अजिबातच मानत नाहीत. तिरपे काढा, बारीक काढा, पसरट काढा, आणि शेजारी एखादी कडा वाकलेली किंवा कोपरा उघडा राहिलेली आकृतीही काढा म्हणजे 'हा का नाही' यावर बोलता येईल. यंत्रांच्या पुस्तकात तीन दातेरी चाकं एकमेकांत त्रिकोणात अडकवलेली असतात, दिसायला मस्त, पण ती कधीच फिरू शकत नाहीत, कारण शेजारची दोन चाकं उलट दिशांना फिरतात आणि तिसऱ्याला दोन्हीकडून वेगवेगळं सांगितलं जातं. मुंगीचे सहाही पाय मधल्या भागाला असतात, मागच्या फुगीर भागाला नाही. पावसाचा थेंब वर टोकदार आणि खाली गोल असा नसतो, लहान थेंब गोल असतो आणि मोठा खालून चपटा होतो. चंद्रकोरीच्या दोन टोकांच्या मधल्या जागेत चांदणी काढता, तिथे तर चंद्रच आहे, फक्त त्याच्यावर उजेड नाही, चांदणी त्याच्या आरपार कशी दिसेल? आणि चंद्र दिवसाही दिसतो, एखाद्या चित्रात दुपारच्या निळ्या आकाशात तो काढून बघा, मुलं दुसऱ्या दिवशी मान वर करून शोधतील.

सगळ्यात त्रास देणारं चित्र म्हणजे सूर्याभोवती लांबट अंडाकृती कक्षेत फिरणारी पृथ्वी. पानावर बसावी म्हणून ती दाबून काढलेली असते हे मला कळतं. पण मुलं बघतात की इथे पृथ्वी जवळ आहे आणि इथे लांब, म्हणून जवळ असताना उन्हाळा, आणि ही समजूत मोठेपणीही जात नाही. प्रत्यक्षात ती कक्षा जवळजवळ वर्तुळच आहे, आणि पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. उत्तर गोलार्धात जानेवारीत थंडी असते! ऋतू होतात ते आस कललेली असल्यामुळे, नाहीतर एकाच वेळी उत्तरेला उन्हाळा आणि दक्षिणेला हिवाळा झाला नसता. पहिलीतल्या मुलाला आस समजावू नका, कोण सांगतंय, पण त्याच्या डोक्यात चुकीचं चित्रही घालू नका.

चुकीचं चित्र एकदा बसलं की नुसतं बरोबर वाक्य सांगून ते निघत नाही. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये मुलांना पृथ्वीबद्दल विचारलं तेव्हा 'पृथ्वी गोल आहे' हे बहुतेक सगळ्यांनी ऐकलेलंच होतं. पण खोलात विचारल्यावर काहींची पृथ्वी चकतीसारखी गोल आणि सपाट निघाली, काहींची पोकळ चेंडूसारखी, आणि आपण त्याच्या आत सपाट जमिनीवर राहतो. किती हुशार आहे बघा हे! पायाखाली जमीन सपाट दिसते आणि मोठे म्हणतात गोल, तर दोन्ही खरं ठरेल असं काहीतरी मुलाने स्वतः बांधलं. म्हणून 'पृथ्वी कशी आहे?' 'गोल' एवढ्यावर टिकमार्क करणारा पाठ काहीच तपासत नाही. मुलाला चित्र काढायला सांगा, त्यात माणसं काढायला सांगा, खालच्या बाजूला कोणी राहतं का विचारा.

पाठ लिहिणाऱ्यांनो, प्रयोगांबद्दल थोडक्यात सांगते. सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी आता पुरे. फेस येतो, मुलं टाळ्या वाजवतात, आणि घरी जाऊन सांगतात की ज्वालामुखी असा होतो, जे खरं नाही, ज्वालामुखीत वितळलेला खडक आणि त्यात कोंडलेला वायू असतो. त्याच सोड्याने बाटलीच्या तोंडावर फुगा लावून एक चमचा, दोन चमचे, तीन चमचे करून बघा ना, फुगा दर वेळी जास्त फुगतो का? एका टप्प्यानंतर वाढायचा थांबतो, का थांबला? तिथून बोलणं सुरू होतं. तसंच तरंगणं-बुडणं. माझ्याकडे एका मुलाचं म्हणणं होतं की लहान वस्तू तरंगतात आणि मोठ्या बुडतात. मग खिळा बुडाला आणि मोठा लाकडाचा ठोकळा तरंगला. तो म्हणाला, मग जड बुडतात. मग मातकामाच्या मातीचा गोळा बुडाला आणि त्याच गोळ्याची वाटी करून सोडली तर तरंगली, वजन तेच. तो पाच मिनिटं गप्प बसला, वाटीत बोटाने पाणी घालत राहिला, आणि मग म्हणाला, 'आत जागा आहे म्हणून.' तुमच्या पाठात या जागी 'घनता म्हणजे...' अशी चौकट असते. ती चौकट काढा. सहा वर्षांच्या मुलाला 'आत जागा आहे' एवढं स्वतः सापडलं तर घनतेला पुढे घर तयार आहे.

आणि उत्तरं त्याच पानावर उलटी छापू नका. मुलांना उलटं वाचता येतं.

पालकांचाही विचार करा, कारण घरी वाचणारे तेच, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांना गणिताची भीती असते. २०१५ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी पहिलीतल्या मुलांच्या घरी गणिताच्या छोट्या गोष्टी टॅबलेटवर दिल्या, आईबाबांनी मुलांबरोबर बसून वाचायच्या. ज्या घरात आईबाबांनाच गणिताची धास्ती होती त्या घरातल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. म्हणजे पालकांना गणित यायला हवं असं नाही, त्यांच्या हातात बोलायला काहीतरी हवं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर 'या गोष्टीतून आपण काय शिकलो' लिहिण्याऐवजी मोठ्यांसाठी दोन-तीन वाक्यं द्या: इथे थांबा, इथे उत्तर सांगू नका, मूल असं म्हणालं तर असं विचारून बघा.

शेवटी एकच मागणं आहे आणि ते अवघड नाही. पुस्तक छापायला जायच्या आधी, चित्रं कच्ची असतानाच, पाच-सहा मुलांसमोर ते वाचून दाखवा, तुमच्या ओळखीच्या हुशार मुलांसमोर नको, कुठल्याही वर्गात जा, शिक्षक नाही म्हणणार नाहीत. लेखकाने वाचायचं, चित्रकाराने बाजूला बसून मुलांची बोटं बघायची, आणि संपादकाने मुलं जे बोलतील ते शब्दन्‌शब्द लिहून घ्यायचं, दुरुस्त न करता. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, 'तुला काय वाटतं?' एवढंच म्हणायचं. जिथे मुलं तुमचा प्रश्न उरकून पुढे गेली ते पान परत लिहा. जिथे त्यांनी तुम्ही न विचारलेला प्रश्न विचारला, तिथे पान वाढवा. माझा वर्ग यासाठी कधीही उघडा आहे, सकाळच्या वेळात या, तेव्हा मुलं ताजी असतात.

आपली,
लहान मुलांना रोज वाचून दाखवणारी एक शिक्षिका